‘काहीच नाही’पेक्षा कमी कसं असेल?

एका वाचक ताईंचं पत्र:

“माझा भाचा सहावीत आहे. संध्याकाळी तो माझ्याकडे अभ्यासाला बसतो. पूर्णांक संख्यांचा धडा सुरू झाला आणि आमचं गाडं अडलं. तो विचारतो, ‘मावशी, ३ म्हणजे तीन वस्तू. मग −३ म्हणजे किती वस्तू? शून्य म्हणजे काहीच नाही, तर काहीच नाहीपेक्षा कमी काय असणार?’ मी म्हटलं, नियम आहे, पाठ कर. त्यानं पाठ केलं. पण −७ आणि −२ यांत मोठी संख्या कोणती असं विचारलं की −७ म्हणतो. −२ − ३ चं उत्तर ५ काढतो, कारण म्हणे ‘उणे उणे अधिक’. त्याला काय सांगू? खरं तर मलाही हे कधी नीट उमगलं नव्हतं.”

ताई,

तुमच्या भाच्याचा प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं खरं उत्तर असं की उणे तीन वस्तू नसतात. टेबलावर −३ पेन्सिली कुणालाही ठेवता येणार नाहीत. हे त्याला आधी मोकळेपणानं सांगा. आपली शंका चुकीची नव्हती हे कळलं की पोरगं पुढचं ऐकायला तयार होईल.

ही शंका फार मोठ्या माणसांनाही आली आहे. ग्रीक गणिती डायोफँटस याच्यापुढे ४ = ४क्ष + २० या धर्तीचं समीकरण आलं, तेव्हा त्यानं ते निरर्थक ठरवून सोडून दिलं, कारण उत्तर −४ येतं. ब्रह्मगुप्तानं इ.स. ६२८ मध्ये धन, ऋण आणि शून्य यांच्या बेरीज-वजाबाकीचे, गुणाकाराचे नियम स्वच्छ मांडले होते. त्यानंतर पाचशे वर्षांनी भास्कराचार्यांनी ‘बीजगणित’ ग्रंथात माकडांचं एक उदाहरण घातलं. कळपाचा पाचवा भाग घ्या, त्यातून तीन वजा करा, आलेल्या संख्येचा वर्ग करा. तितकी माकडं गुहेत गेली आणि एक माकड फांदीवर दिसतंय. तर कळप केवढा? गणित सोडवलं की दोन उत्तरं येतात, ५० आणि ५. पन्नासाचा पाचवा भाग १०, तीन काढले की ७, वर्ग ४९, फांदीवरचं एक मिळवलं की ५०. आता पाच घेऊन पाहा. पाचवा भाग १, तीन काढले की −२, वर्ग ४, एक मिळवलं की ५. आकडेमोडीत कुठेच चूक नाही. तरीही भास्कराचार्य दुसरं उत्तर नाकारतात, कारण मधल्या पायरीवर माकडांची संख्या ऋण होते आणि प्रत्यक्ष वस्तूंच्या बाबतीत ऋण संख्येवर लोकांचा विश्वास बसत नाही. ऋण संख्या ज्यांच्या हातचा मळ होत्या त्यांनीही माकडं मोजताना त्या बाजूला ठेवल्या. तुमचा भाचा नेमकं तेच म्हणतोय.

मग −३ ही संख्या मोजते तरी काय? ते पाहण्याआधी ३ काय मोजते तिकडे थोडं वळू या. तिथे आपण घाईनं पुढे गेलेलो असतो.

लहान मुलं दहापर्यंत आकडे घडाघड म्हणतात. पण समोरच्या वस्तू मोजून झाल्यावर ‘मग किती आहेत?’ असं विचारलं तर कितीतरी मुलं पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागतात. मोजताना शेवटी उच्चारलेला आकडा हा सगळ्या ढिगाचा आहे, शेवटच्या वस्तूचा नाही, हे त्यांना अजून कळलेलं नसतं. स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी मुलांपुढे सारख्याच संख्येच्या वस्तूंच्या दोन रांगा मांडल्या. दोन्ही सारख्या आहेत हे मुलांनी कबूल केलं. मग त्यांनी मुलांच्या डोळ्यांदेखत एक रांग लांब पसरली. चार-पाच वर्षांची बरीच मुलं लगेच म्हणाली, लांब रांगेत जास्त आहेत. काहीही टाकलं नव्हतं, काहीही उचललं नव्हतं. संख्या ही लांबीवर, आकारावर, मांडणीवर अवलंबून नसते. या रांगेतल्या प्रत्येक वस्तूला त्या रांगेत एक जोडीदार मिळतो का, एवढ्यावरच ती ठरते. हे समजणं सोपं नाही, आणि ते प्रत्येक मुलाला आपलं आपण समजून घ्यावं लागतं.

म्हणजे ३ सुद्धा वस्तूत नसतेच. तीन घंटानाद, तीन दिवस आणि तीन खुर्च्या यांच्यात दिसण्यासारखं काहीच समान नाही. त्यांची एकास एक जोडी लागते, एवढंच समान आहे. शिवाय मोजायचं काय हे आधी ठरलेलं असावं लागतं. पाण्याचे दोन थेंब एकमेकांत मिसळले की एकच थेंब होतो, पण म्हणून १ + १ = २ खोटं ठरत नाही; थेंब मोजणीत टिकत नाहीत, तिथे पाणी मिलिलिटरमध्ये मोजायला हवं. (हजेरीपटावरचे क्रमांक किंवा बसचे नंबर यांचा तर परिमाणाशी संबंधच नसतो. हजेरी क्रमांक १२ आणि १३ यांची बेरीज करून काही हाती लागत नाही. आकडा दिसला की तो ‘किती’ सांगतोय, ‘कितवा’ सांगतोय की नुसती ओळख सांगतोय, हे भाच्याला अधूनमधून विचारत जा.)

आता −३.

फुटबॉलच्या किंवा हॉकीच्या साखळी स्पर्धेचा गुणतक्ता त्यानं पाहिला असेल. त्यात ‘गोलफरक’ असा एक रकाना असतो. एका संघानं २ गोल केले आणि ५ खाल्ले, त्याचा गोलफरक −३. दुसऱ्या संघानं एकही गोल केला नाही आणि ३ खाल्ले, त्याचाही −३. तिसऱ्यानं ११ केले, १४ खाल्ले, तरी −३. मैदानावर कुणी उणे गोल मारला का? नाही. केलेले गोल आणि खाल्लेले गोल या साध्या पूर्ण संख्या (०, १, २, ३…) आहेत, पुढे-पुढे मोजत जायच्या. −३ या दोन्हींची तुलना सांगते: कोणत्या बाजूचं पारडं जड आहे आणि कितीनं.

भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. पूर्ण संख्या ‘किती?’ एवढंच सांगते. पूर्णांक ‘कुठल्या बाजूला किती?’ हे सांगतो. चिन्ह बाजू सांगतं आणि आकडा अंतर सांगतो. −३ मध्येही तीनच आहेत. ते उलट बाजूचे तीन आहेत.

ही लहान मुलांसाठी केलेली सोपी सोय आहे असं समजू नका. आधुनिक गणितात पूर्णांकांची रीतसर व्याख्या अशीच, पूर्ण संख्यांच्या जोड्यांवरून केली जाते. (२, ५), (०, ३), (११, १४) या जोड्या एकाच पूर्णांकाची रूपं. दोन जोड्या एकाच पूर्णांकाच्या आहेत हे वजाबाकीशिवायही तपासता येतं: तिरकी बेरीज करायची. २ + १४ = १६ आणि ५ + ११ = १६. जुळलं. भाच्याला अशा आणखी पाच जोड्या शोधायला सांगा, मग ज्यांचं उत्तर +३ येईल अशा पाच. तो हे आवडीनं करील असं मला वाटतं, आणि −३ या चिन्हाला त्याच्या लेखी पहिल्यांदाच काही वजन येईल.

आता शून्याकडे वळू. अडचणीचं मूळ तिथेच आहे. एका संघानं ४ गोल केले आणि ४ खाल्ले. गोलफरक शून्य. मग काय, मैदानावर काहीच घडलं नाही? आठ गोल झाले! पेन्सिली मोजतानाचं शून्य ‘काहीच नाही’ असं सांगतं. पूर्णांकांतलं शून्य ‘बरोबरी’ सांगतं, म्हणजे दोन्ही बाजूंना मोजायला जिथून सुरुवात होते ती जागा. ‘काहीच नाहीपेक्षा कमी’ असं काही नसतं हे खरंच. पण ‘बरोबरीपेक्षा खाली’ असं नक्कीच असतं. मोजणीतलं शून्य मनात धरून पूर्णांकांकडे पाहिलं की गोंधळ होणारच, आणि बहुतेक मुलांचा तो तिथेच होतो.

ही जागा पुष्कळदा माणसानंच नेमलेली असते. स्वीडनच्या अँडर्स सेल्सियस यांनी १७४२ मध्ये तापमानाची जी श्रेणी मांडली तिच्यात पाणी उकळतं तिथे ० होतं आणि गोठतं तिथे १००. आज आपण जी वापरतो ती नंतर उलटी केलेली. पाणी तेच, उष्णता तीच, फक्त शून्य हललं आणि दिशा फिरली. उंचीचं शून्य समुद्रसपाटीला ठेवलंय, म्हणून मृत समुद्राचा किनारा उणे चारशे मीटरच्याही खाली येतो. पण तिथे उभ्या असलेल्या माणसाची स्वतःची उंची काही ऋण होत नाही, कारण ती पायापासून मोजतात.

शून्य नेमलेलं असलं की आणखी एक गोष्ट बदलते, आणि ती शाळेत क्वचितच सांगितली जाते. २० पेन्सिली १० पेन्सिलींच्या दुप्पट असतात. पण २० अंश सेल्सियस हे १० अंशांच्या दुप्पट गरम नसतं. हीच दोन तापमानं फॅरनहाइटमध्ये ६८ आणि ५० आहेत, तिथे दुप्पट कुठे गेली? फरक मात्र खरा असतो. म्हणून आकडा कुठलाही असो, ‘कशापासून मोजलंय?’ हा प्रश्न भाच्याच्या तोंडी बसू द्या.

−७ मोठी की −२, याचा घोळही इथेच सुटतो. त्याचं मन चिन्ह सोडून नुसते आकडे पाहतं. सातचं अंतर दोनपेक्षा जास्त आहे, यात तो बरोबर आहे. शून्यापासूनच्या या अंतरालाच केवलमूल्य म्हणतात आणि −७ चं केवलमूल्य −२ च्या केवलमूल्यापेक्षा मोठंच आहे. पण ‘मोठी संख्या कोणती’ हा प्रश्न अंतराचा नाही, जागेचा आहे. संख्यारेषा उभी काढा, आडवी नको. वर धन, खाली ऋण. मग विचारा: वर कोण आहे? −७ अंश तापमान −२ पेक्षा जास्त थंड, म्हणजे तापमान कमी. त्याला दोन वेगळे प्रश्न विचारत जा, ‘शून्यापासून लांब कोण?’ आणि ‘वर कोण?’, आणि दोन्हींची उत्तरं वेगवेगळी लिहायला लावा.

‘उणे उणे अधिक’ हे वाक्य घरातून काही दिवस हद्दपार करा. त्यानं जितका गोंधळ होतो तितका दुसऱ्या कशानं होत नाही, कारण कुठे लावायचं हे त्या वाक्यात सांगितलेलंच नाही. −२ − ३ मध्ये दोन वजा चिन्हं दिसली, लावलं सूत्र, आलं ५! त्याऐवजी दोन रंगांच्या काड्या घ्या. चीनमध्ये प्राचीन काळी मोजणीच्या काड्यांवर गणित करत. तिसऱ्या शतकातला गणिती ल्यू हुई सांगतो की धन संख्यांना लाल काड्या आणि ऋण संख्यांना काळ्या. आपणही तेच रंग घेऊ. एक लाल आणि एक काळी मिळून शून्य होतं, कारण बरोबरी झाली. अशी जोडी मांडली किंवा उचलली तरी किंमत बदलत नाही. नियम एवढा एकच.

आता २ − (−३) करा. टेबलावर दोन लाल काड्या. त्यातून तीन काळ्या काढायच्या आहेत. काळ्या तर नाहीतच! इथे त्याला थांबू द्या, लगेच सांगू नका. मग तीन लाल-काळ्या जोड्या मांडा. किंमत अजूनही २ च आहे, पण आता टेबलावर पाच लाल आणि तीन काळ्या आहेत. तीन काळ्या उचला. उरल्या पाच लाल. उत्तर ५. ऋण काढून घेतल्यावर धन का वाढलं हे त्याला हातांनी कळेल.

लगेच त्याच काड्यांनी −२ − ३ करा. टेबलावर दोन काळ्या. तीन लाल काढायच्या आहेत, त्या नाहीत, म्हणून पुन्हा तीन जोड्या मांडा. आता पाच काळ्या, तीन लाल. लाल उचलल्या, उरल्या पाच काळ्या. उत्तर −५. ही दोन गणितं एकापाठोपाठ एक, त्याच बैठकीत झाली पाहिजेत. −२ − ३ मध्ये पहिलं चिन्ह काडीचा रंग सांगतं आणि दुसरं ‘काढून घे’ अशी कृती सांगतं. ही दोन वेगळी कामं एकाच आडव्या रेघेवर लादलेली आहेत, म्हणून मुलं अडखळतात.

गुणाकाराची घाई नको. वेळ आली की पाण्याच्या टाकीचा विचार करा. पातळी दर मिनिटाला ३ सेंटिमीटर उतरतेय, म्हणजे −३. आताची पातळी शून्य धरू. चार मिनिटांनी पातळी कुठे असेल? (−३) × ४ = −१२, म्हणजे बारा सेंटिमीटर खाली. आणि चार मिनिटांपूर्वी कुठे होती? मागचा काळ ऋण धरला तर प्रश्न (−३) × (−४) असा झाला, आणि उतरणारी पातळी चार मिनिटांपूर्वी बारा सेंटिमीटर वर होती हे उघड आहे. +१२.

तुम्हाला स्वतःला याहून पक्कं कारण हवं असेल तर हे पाहा. ४ + (−४) = ० म्हणून (−३) × (४ + (−४)) हेही शून्यच. कंस सोडवला की पहिला भाग −१२ येतो. दोन्ही मिळून शून्य व्हायचं तर दुसरा भाग, म्हणजे (−३) × (−४), हा १२ च असला पाहिजे. दुसरं काहीही धरलं तर कंस सोडवायचा नियमच मोडतो, आणि तो नियम आपण पूर्ण संख्यांपासून वापरत आलोय. तेव्हा हे उत्तर कुणाच्या मर्जीनं ठरलेलं नाही.

चाचणीत नावं विचारतात म्हणून तेवढं सांगते. १, २, ३… या नैसर्गिक संख्या. त्यांत शून्य मिळवलं की पूर्ण संख्या. त्यांत −१, −२, −३… मिळवल्या की पूर्णांक संख्या. −५ पूर्णांक आहे, पूर्ण संख्या नाही. शून्य धनही नाही आणि ऋणही नाही. हे पाठ करायला हरकत नाही, ही नावंच आहेत.

काड्यांवर हात बसला की त्याला हे कोडं घाला. रोमचा सम्राट ऑगस्टस इ.स.पू. ६३ मध्ये सप्टेंबरात जन्मला आणि इ.स. १४ मध्ये ऑगस्टमध्ये वारला. किती वर्षं जगला? इ.स.पू. म्हणजे ऋण असं धरून तो १४ − (−६३) करील आणि ७७ सांगेल. त्याची वजाबाकी बरोबर, पण उत्तर चुकलेलं. ऑगस्टसची ७६ वर्षंही पुरी व्हायला महिनाभर बाकी होता. मग एक वर्ष गेलं कुठे ते त्याला शोधू द्या. इ.स.पू. १ नंतर थेट इ.स. १ येतं, या मोजणीत शून्य वर्षच नाही, त्यामुळे ती संख्यारेषेसारखी वागत नाही. खगोलशास्त्रज्ञांना अशी वजाबाकी सतत करावी लागते, म्हणून ते इ.स.पू. १ ला वर्ष ० म्हणतात. मग इ.स.पू. ६३ चं होतं −६२, आणि १४ − (−६२) = ७६. त्यातून तो महिना वजा करायचा तेवढा राहिला.